कावळा, फांदी आणि कॅप्सूल : कुत्र्या-मांजरांना सेफॅलोस्पोरिन देताना



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा दोघातिघांनी विचारलं, तत्त्वज्ञानाच्या निवृत्त प्राध्यापकाने कुत्र्या-मांजरांच्या औषधावर काय म्हणून बोलावं? प्रश्न रास्त आहे. आम्ही पशुवैद्य नाही. कोणत्या जनावराला कोणतं औषध, किती आणि किती दिवस द्यायचं, हे पशुवैद्यांनीच ठरवायचं. पण ‘याला आता अँटिबायोटिकच दिलं पाहिजे’ असं आपण घरच्या ओट्यावर बसून ज्या वाटेने ठरवतो, ती वाट अनुमानाची आहे. आणि अनुमानाशी आमचा जन्मभराचा संबंध. तापी ओलांडली की पलीकडे अमळनेर. तिथे प्रतापशेटजींनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं. त्या वास्तूमुळे खानदेशात ‘प्रमाण’, ‘हेतू’, ‘व्याप्ती’ हे शब्द अगदीच परके राहिले नाहीत. तेच शब्द आज एका कॅप्सूलला लावून पाहू.

ही कॅप्सूल आपल्या ओळखीची आहे. सेफॅलेक्सिन, सेफॅड्रॉक्सिल, सेफिक्झिम, सेफपोडॉक्झिम, सेफ्ट्रायअॅक्झोन ही सगळी सेफॅलोस्पोरिन या एकाच घराण्यातली मंडळी. यातलं एखादं नाव प्रत्येक घरातल्या औषधाच्या डब्यात सापडतंच. नातवाचा घसा धरला होता तेव्हा आणलेली पट्टी, त्यातल्या चार गोळ्या उरलेल्या. आणि दारात कुत्रं लंगडत येतं.

चोपड्यासारख्या तालुक्याच्या गावात अडचण खरी आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. इथली पशुवैद्यकीय व्यवस्था उभी राहिली ती बैल, गाय, म्हैस, शेळी यांच्यासाठी, आणि ते योग्यच होतं. आमच्या लहानपणी कुत्रं खळ्यावर असायचं, मांजर धान्याच्या कोठीत. त्यांना औषध द्यायचं असतं हेच कोणाच्या डोक्यात नव्हतं. आता तीच जनावरं घरात, कॉटखाली, काही घरांत तर कॉटवर आहेत. माया वाढली, पण कुत्र्या-मांजरांचा जाणकार डॉक्टर मात्र पुष्कळदा जळगावला किंवा धुळ्याला गाठावा लागतो. मधल्या जागेत मेडिकलचं दुकान येतं. तिथे ‘काहीतरी गोळी द्या भो’ म्हटलं की गोळी मिळते. ती गोळी कोणासाठी, हे विचारलं जातंच असं नाही.

या औषधाचा जन्म मात्र मोठा गमतीचा आहे. इटलीच्या सार्डिनिया बेटावर काल्यारी नावाचं शहर आहे. तिथे ज्युसेप्पे ब्रोत्झू नावाचे आरोग्यशास्त्राचे प्राध्यापक होते. शहराचं गटाराचं पाणी समुद्रात जिथे पडायचं, त्याच्याच आसपास मुलं पोहायची. आणि तरीही टायफॉइडचा जितका कहर व्हायला हवा तितका होताना दिसत नव्हता. ब्रोत्झूंना वाटलं, या पाण्यातच जंतूंना मारणारं काहीतरी असलं पाहिजे. १९४५ साली त्यांनी त्या पाण्यातून एक बुरशी वेगळी काढली. तिचं तेव्हाचं नाव सेफॅलोस्पोरियम, म्हणून औषध सेफॅलोस्पोरिन. १९४८ साली त्यांनी आपलं काम छापलं आणि बुरशी ऑक्सफर्डला पाठवली. तिथे एडवर्ड अब्राहम आणि गाय न्यूटन यांनी तिच्यातून सेफॅलोस्पोरिन-सी नावाचं द्रव्य वेगळं केलं. १९६१ पर्यंत त्याची रचना नक्की झाली, त्यात डोरोथी हॉजकिन यांच्या क्ष-किरण अभ्यासाचा वाटा होता, आणि १९६४ साली या घराण्यातलं पहिलं औषध बाजारात आलं. आपल्याकडे पिंपरीला १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला तो पेनिसिलिनसाठी. सेफॅलोस्पोरिन हे पेनिसिलिनचंच चुलत भावंड. फरक एवढा की पेनिसिलिनला फोडून टाकणारं जे विकर काही जंतू तयार करतात, त्याला हे भावंड सहजासहजी दाद देत नव्हतं. म्हणून त्याचं अप्रूप.

ते काम कसं करतं? जंतूच्या पेशीभोवती एक भिंत असते. आपल्या, कुत्र्याच्या, मांजराच्या पेशींना नुसतं पातळ आवरण असतं, तशी भिंत नसते. जंतू वाढताना ही भिंत सतत सांधत असतो. सेफॅलोस्पोरिन त्या सांधणाऱ्या गवंड्यालाच जाऊन चिकटतं. भिंत अर्धवट राहते, आतला दाब सोसवत नाही, जंतू फुटतो. आपल्या पेशींत हा गवंडीच नाही, म्हणून हे औषध इतर पुष्कळ औषधांच्या मानाने निर्धोक. त्याची ख्याती इथूनच आली, आणि दुरुपयोगही इथूनच सुरू झाला.

कारण याच गोष्टीची दुसरी बाजू आपण विसरतो. जिथे अशी भिंत बांधणारा जंतूच नाही, तिथे हे औषध काय करणार? पिल्लांना होणारा पार्व्हो हा विषाणू, डिस्टेंपर हा विषाणू. त्यांना भिंत नाही. मांजराच्या अंगावर गोल चकंदळं पडून केस जातात ते गजकर्ण, ती बुरशी. कुत्र्याची खरूज ही किड्यांची करामत. आणि आपल्या भागात फार दिसणारा गोचीड ताप! गोचीड चावून जो एर्लिकिया नावाचा जंतू शिरतो, तो रक्तातल्या पेशींच्या आत दडून बसतो. त्यावर सेफॅलोस्पोरिनचा उपयोग नाही. त्याला डॉक्सीसायक्लिन हे वेगळं औषध लागतं. गोचिडीमुळे होणारा दुसरा आजार, बॅबेसिया, तो तर जंतूसुद्धा नव्हे, एकपेशीय परजीवी. त्याचं औषध आणखी निराळं. कुत्रं तापाने फणफणतंय, खात नाही, हिरड्या पांढऱ्या पडल्यात, अशा वेळी घरातल्या सेफिक्झिमच्या गोळ्यांवर चार दिवस काढले, तर ते चार दिवस रोगाला मोकळे मिळाले. कित्येक कुत्री औषधाच्या विषबाधेने जात नाहीत. चुकीच्या औषधावर भरवसा ठेवून वेळ गेला म्हणून जातात.

आता आमच्या प्रांतात येऊ.

अन्नंभट्टांच्या ‘तर्कसंग्रहा’त विद्यार्थ्याला शिकवलं जाणारं अनुमान सगळ्यांना ठाऊक आहे : डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. हे बरोबर. पण उलटं म्हटलं, ‘डोंगरावर अग्नी आहे म्हणून तिथे धूर असणारच’, तर? चुकलं. लोखंडाचा गोळा लालबुंद तापवा, अग्नी आहे, धूर नाही. धूर निघायला ओलं सरपण लागतं. या ओल्या सरपणाला शास्त्रकार ‘उपाधी’ म्हणतात. जी अट मध्ये लपलेली असते आणि आपण बोलत नाही, ती. आता पाहा : जंतूंचा संसर्ग झाला की बहुधा ताप येतो, हे खरं. म्हणून ताप आला की जंतूंचा संसर्ग आहेच, हे मात्र लोखंडाच्या गोळ्यातून धूर काढण्यासारखं झालं. विषाणूनेही ताप येतो, गोचिडीनेही येतो. आणि खानदेशात मे महिन्यात ४४-४५ अंशांत पत्र्याच्या शेडखाली बांधलेल्या कुत्र्याचं अंग नुसत्या उन्हानेही तापतं. त्याला कॅप्सूल नको, सावली हवी, ओलं फडकं हवं, आणि ताबडतोब डॉक्टर हवा.

दुसरी चूक अधिक लबाड आहे, कारण ती अनुभवाचा आधार घेऊन येते. ‘मागच्या वेळी हीच गोळी दिली आणि बरं वाटलं की!’ आपल्याकडे म्हण आहे, कावळा बसायला आणि फांदी मोडायला. मांजराची सर्दी बहुधा विषाणूंमुळे होते आणि साधी असेल तर आठदहा दिवसांत आपोआप उतरते. कुत्र्याचं साधं जुलाबाचं दुखणं दोनतीन दिवसांत थांबतं. आपण गोळी देतो ती नेमकी त्याच दिवसांत. श्रेय गोळीला जातं, आणि पुढच्या वेळी शेजाऱ्यालाही सल्ला मिळतो.

न्यायशास्त्राने याला एक सुंदर शब्द दिला आहे, अन्यथासिद्ध. घडा तयार होताना माती, चाक, दांडा, कुंभार ही कारणं. पण दांड्याचा रंग? कुंभाराचा बाप? माती वाहून आणणारं गाढव? घड्याच्या आधी ही सगळी हजर होती, तरी ती घड्याची कारणं नव्हेत. हे गाढव दवाखान्यात फार वेळा दिसतं. पार्व्हो झालेल्या पिल्लाला डॉक्टर सलाइन लावतात, उलटीचं औषध देतात आणि पुष्कळदा सेफॅलोस्पोरिनचं इंजेक्शनही देतात. ते पार्व्होसाठी नसतं. विषाणूने आतड्याचं अस्तर सोलून काढलेलं असतं, तिथून आतड्यातले जंतू रक्तात शिरू नयेत म्हणून तो पहारेकरी असतो. पिल्लू जगतं ते मुख्यतः पाणी, क्षार आणि शुश्रूषा यांच्या जोरावर. मालक मात्र बाटलीवरचं नाव वाचून ठेवतो. पुढच्या पिल्लाला रक्ताची हागवण लागली की तो तेवढं एक इंजेक्शन टोचून घेतो आणि सलाइनचा खर्च वाचवतो. ते पिल्लू सुकून मरतं. गाढवाला कुंभार समजल्याची ही किंमत.

‘पिढी’ या शब्दानेही बराच घोटाळा केला आहे. सेफॅलेक्सिन, सेफॅड्रॉक्सिल ही पहिल्या पिढीची, सेफिक्झिम, सेफपोडॉक्झिम, सेफ्ट्रायअॅक्झोन ही तिसऱ्या पिढीची. ऐकणाऱ्याला वाटतं, तिसरी पिढी म्हणजे जास्त जोरदार. मोबाइलच्या पिढ्यांसारखं. तसं नाही. पिढी बदलली म्हणजे रोख बदलला. पहिल्या पिढीचा जोर त्वचेवरच्या गोलाणूंवर, म्हणजे स्टॅफिलोकॉकसवर चांगला. तिसऱ्या पिढीचा रोख आतड्यातल्या जंतूंसारख्या दुसऱ्या गटाकडे झुकला. त्यात सेफिक्झिम तर स्टॅफिलोकॉकसवर चांगलंच कमजोर आहे. आणि कुत्र्याच्या कातडीवर पुळ्या येतात, पू होतो, खपल्या धरतात, त्यामागे बहुतेक वेळा स्टॅफिलोकॉकसच असतो. म्हणजे ज्या कामाला आजोबा लायक होते, तिथे नातवाला पाठवलं, तेही जास्त पैसे मोजून. सेफपोडॉक्झिमचं तसं नाही, त्वचेच्या काही दुखण्यांत डॉक्टर ते विचारपूर्वक वापरतात. पण ‘विचारपूर्वक’ हा शब्द महत्त्वाचा. तिसऱ्या-चौथ्या पिढीची औषधं माणसांच्या गंभीर आजारांसाठी राखून ठेवावीत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. युरोपच्या औषध संस्थेने जनावरांसाठी त्यांना ‘मर्यादित वापर’ या वर्गात टाकलं आहे, आणि पहिल्या पिढीला ‘जपून वापरा’ या त्याखालच्या वर्गात. साध्या जखमेला आधी साबणपाण्याने धुणं, केस कापून ती उघडी करणं, औषधी शाम्पू, मलम हे पुरतं का ते पाहायचं असतं. गोळी त्यानंतर.

मात्रेचा हिशोब आता जरा सावकाश करू, कारण घरी चुका होतात त्या इथेच. जनावराला औषध वजनावर देतात. वयावर नाही, ‘लहान कुत्र्याला अर्धी, मोठ्याला एक’ या हिशोबानेही नाही. वजन कसं करायचं? जिनिंगचा वजनकाटा त्यासाठी नाही. घरातल्या काट्यावर आधी स्वतः उभं राहा, मग कुत्र्याला उचलून घेऊन उभं राहा, वजाबाकी करा. मांजराला पिशवीत किंवा टोपलीत घालून करा.

समजा कुत्रं १२ किलोचं आहे. डॉक्टरांनी सेफॅलेक्सिन किलोला २५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, असं लिहिलं. (कुत्र्यांत हे औषध बहुधा किलोला १५ ते ३० मिलिग्रॅम, बारा-बारा तासांनी देतात, पण आपल्या जनावराचा आकडा डॉक्टरच सांगतील.) म्हणजे एका वेळेला ३०० मिलिग्रॅम. आता बाजारातल्या बाटल्या पाहा. एका सिरपमध्ये ५ मिलीत १२५ मिलिग्रॅम असतं, तर ३०० साठी १२ मिली. दुसरी बाटली तशीच दिसते, पण ५ मिलीत २५० मिलिग्रॅम. तिचे ६ मिली पुरेत. बाटली बदलली आणि मिलीचा आकडा तोच ठेवला, तर मात्रा दुप्पट किंवा निम्मी. लहान बाळांसाठी थेंबांची बाटली मिळते, तिच्यात पुष्कळदा एका मिलीतच १०० मिलिग्रॅम असतं. चार किलोच्या मांजराला ८० मिलिग्रॅम द्यायचंय, तर पहिल्या सिरपचे ३.२ मिली आणि थेंबांच्या बाटलीचा ०.८ मिली. इथे गल्लत झाली तर थेट चौपट! म्हणून डॉक्टरांना ‘किती मिली’ एवढंच विचारू नका. ‘कोणत्या बाटलीचे किती मिली’ असं विचारा आणि ते कागदावर लिहून घ्या. मोजायला चमचा नको. सुई काढलेली सिरिंज घ्या.

माणसांच्या सिरपबद्दल आणखी एक. काही साखरविरहित औषधांत गोडीसाठी झायलिटॉल घालतात. माणसाला ते चालतं, पण कुत्र्यात त्याने रक्तातली साखर धाडकन उतरते आणि यकृतालाही इजा होते. लेबल वाचल्याशिवाय माणसाचं सिरप कुत्र्याला देऊ नये. आणि मांजराबद्दल तर हात जोडून सांगतो : तापाच्या माणसाला अँटिबायोटिकबरोबर पॅरासिटामॉल देतात, म्हणून मांजरालाही ‘जोडीची’ गोळी देऊ नका. मांजराच्या यकृतात ते औषध निकामी करण्याची यंत्रणा फार अपुरी असते. एका गोळीने मांजर मरू शकतं. हिरड्या तपकिरी-निळसर पडतात, तोंड सुजतं, श्वास लागतो. सेफॅलोस्पोरिन निर्धोक होतं, सोबत दिलेली गोळी घातक ठरली, असंच हे प्रकरण.

औषध पोटात गेल्यावर सगळ्यात नेहमीचा त्रास म्हणजे उलटी, जुलाब, अन्नावरची वासना जाणं. पुष्कळदा घासासोबत दिलं की हा त्रास कमी होतो. भाकरीच्या मऊ गोळ्यात, थोड्या दह्यात लपवून दिलं तरी चालतं. मांजर मात्र फसत नाही. ते अन्न खातं आणि गोळी बाजूला काढून ठेवतं. मांजराला कोरडी गोळी घशात टाकून सोडून देऊ नये, ती अन्ननलिकेत अडकून तिथे जखम करू शकते. मागून सिरिंजने थोडं पाणी किंवा पातळ अन्न द्यावं. एकदा उलटी झाली तर घाबरायचं कारण नाही, पण परत परत झाली, जुलाबात रक्त दिसलं, तर पुढची मात्रा न देता डॉक्टरांना फोन. आणि मांजराने दोन दिवस अन्नाला तोंड लावलं नाही, तर ‘औषध गरम पडलं असेल’ म्हणून वाट पाहायची नाही. उपाशी मांजराच्या, त्यातही लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साठून ते दुखणं मूळ रोगापेक्षा भारी होऊन बसतं.

दुसरा त्रास क्वचित होतो, पण झाला तर जिवावरचा. अॅलर्जी. औषध दिल्यावर, विशेषतः इंजेक्शननंतर, काही मिनिटांत किंवा तासाभरात डोळ्यांभोवती, ओठांवर सूज, अंगावर पित्त उठल्यासारखे चट्टे, धाप, कोसळणं. म्हणून इंजेक्शन दिलं की लगेच रिक्षात घालून निघू नये, अर्धा तास दवाखान्याच्या दारात बसावं. पूर्वी पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिनने असं काही झालं असेल तर ते आधीच सांगावं. चुलत भावंड आहेत म्हटलं ना, एकाचं वावडं असलेल्याला दुसऱ्याचंही असू शकतं. हे माणसालाही लागू आहे : घरात कोणाला पेनिसिलिनचं वावडं असेल, तर कुत्र्याची कॅप्सूल फोडण्याचं काम त्याने करू नये. परदेशांत सेफोव्हेसिन नावाचं एक इंजेक्शन वापरतात, एकदा टोचलं की सुमारे दोन आठवडे काम करतं. गोळ्या न घेणाऱ्या मांजरांसाठी मोठी सोय. पण त्याचा अंश शरीरातून पुरता निघून जायला दोन महिन्यांच्या आसपास लागतात. वावडं निघालं तर टोचलेलं परत कसं काढणार? सोय आणि सुरक्षितता ही नेहमी एका दिशेने चालत नाहीत.

ही औषधं बहुतांशी मूत्रपिंडावाटे बाहेर पडतात. म्हातारी मांजरं जास्त पाणी पितात, जास्त मुततात आणि बारीक होत जातात. तेव्हा मूत्रपिंड थकल्याची शंका घ्यावी. अशा जनावरात मात्रा कमी करायची की अंतर वाढवायचं हे डॉक्टर रक्त तपासून ठरवतात. जेंटामायसिन, अमिकासिन यांसारखी मूत्रपिंडाला जड औषधं सोबत असतील तर आणखी जपावं लागतं. सेफ्ट्रायअॅक्झोन हे इंजेक्शन कॅल्शियम असलेल्या सलाइनमध्ये, म्हणजे रिंगर लॅक्टेटमध्ये, मिसळायचं नसतं. त्याचा साका धरतो. हे घरी करायचं काम नाहीच, पण उत्साही मंडळी घरी सलाइन लावतात असं ऐकतो, म्हणून बोललो.

सिरपच्या पावडरीत पाणी घातलं की तिचं आयुष्य मोजकं उरतं. लेबलवर बहुधा ७ ते १४ दिवस आणि ‘फ्रीजमध्ये ठेवा’ असं लिहिलेलं असतं. आपल्या उन्हाळ्यात खिडकीत ठेवलेली बाटली चार दिवसांत नुसतं गुलाबी पाणी होऊन जाईल. लाइट गेली तर बाटली माठाच्या ओल्या फडक्याजवळ ठेवणं हे तासा-दोन तासांपुरतं ठीक. शेतावर राहणाऱ्यांनी डॉक्टरांकडे सिरपऐवजी कॅप्सूल किंवा गोळीच मागावी. बाटली दरवेळी हलवून घ्या, नाहीतर वरचं पाणी पहिल्या दिवशी आणि सगळं औषध शेवटच्या दिवशी असा प्रकार होतो.

किती दिवस द्यायचं, यावर आमच्या पिढीला एकच वाक्य शिकवलं गेलं : कोर्स पूर्ण करा. आता वैद्यकशास्त्र थोडं वेगळं बोलतं. गरजेपेक्षा एक दिवसही जास्त नको, कारण औषध चालू असेपर्यंत शरीरातले सगळेच जंतू त्याच्या माऱ्याखाली असतात आणि त्यातले दाद न देणारे तेवढे शिल्लक राहून वाढतात. पण याचा अर्थ ‘दुसऱ्या दिवशी बरं दिसलं, बंद केलं’ असाही नाही. कातडीच्या दुखण्यात वरून खपली वाळते आणि आत धग राहते. डॉक्टरांनी सांगितलेल्या तारखेला जनावर परत दाखवायचं आणि थांबायचं की पुढे न्यायचं हे त्यांना ठरवू द्यायचं. तेच दुखणं परत परत उलटत असेल तर नवी गोळी मागण्याऐवजी पू किंवा लघवी तपासायला पाठवण्याचा आग्रह धरा. कोणता जंतू, कोणत्या औषधाला दाद देतो, हे त्यातून कळतं. हे प्रत्यक्ष प्रमाण, इथे अनुमानाचा प्रश्न उरत नाही. कुत्र्यांच्या कातडीवरच्या स्टॅफिलोकॉकसमध्ये असे प्रकार निघाले आहेत की त्यांच्यावर या घराण्यातलं जवळपास कोणतंच औषध चालत नाही.

आणि हे जंतू कुत्र्याचे कुत्र्याकडे राहत नाहीत. ते हात चाटतं, नातू त्याला मिठी मारतो, सगळे एकाच सतरंजीवर बसतात. कुत्र्याच्या आतड्यात तयार झालेला औषधाला न जुमानणारा जंतू घरातल्या माणसांत आढळतो, आणि माणसांचा कुत्र्यांत. जनावराला दिलेलं औषध जनावरापुरतं राहत नाही, हे आपल्या देशाने एकदा फार महागात शिकून घेतलं आहे. गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅकने गिधाडं संपत आली, आणि २००६ साली त्या औषधाचा जनावरांसाठीचा वापर बंद करावा लागला. तिथे गुराच्या मेलेल्या शरीरातून विष गिधाडाकडे गेलं. इथे कुत्र्याच्या जिवंत शरीरातून जंतू आपल्याकडे येतो. यंत्रणा वेगळी आहे, पण ‘माझं जनावर, माझी गोळी, माझी मर्जी’ हा युक्तिवाद दोन्हीकडे सारखाच लंगडा पडतो.

कायद्याने याचा विचार केलेला आहे. अँटिबायोटिकं चिठ्ठीशिवाय विकायची नसतात, पट्टीवर लाल रेघ असते ती त्यासाठी. सेफिक्झिम, सेफपोडॉक्झिम, सेफ्ट्रायअॅक्झोन ही औषधं तर १ मार्च २०१४ पासून ‘शेड्यूल एच-वन’मध्ये आहेत. दुकानदाराने चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव, औषध आणि नग वेगळ्या वहीत लिहायचे आणि ती वही तीन वर्षं जपायची. पशुवैद्यांची चिठ्ठीही चिठ्ठीच आहे, तीच मागून घ्या. आमच्या मते दुकानदाराला दोष देणं सोपं आहे. तो चिठ्ठी मागतो तेव्हा ‘ओळखीच्या माणसाला कसली चिठ्ठी’ असं आपणच म्हणतो.

काही प्रश्न चिठ्ठ्यांवर आले आहेत, ते घेऊ.

‘आमच्याकडे ससे आणि गिनीपिग आहेत, त्यांना हेच सिरप चालेल का?’ नाही. ससा, गिनीपिग, हॅमस्टर यांच्या आतड्यातली जंतूंची घडी फार नाजूक असते. तोंडावाटे हे औषध दिलं तर चांगले जंतू मरतात, विषारी जंतू माजतात आणि जनावर दगावतं. कुत्र्या-मांजरांबद्दल जे बोललो ते त्यांना लागू नाही.

‘कुत्रं मुलाला चावलं. कुत्र्याला अँटिबायोटिक दिलं तर रेबीजचा धोका टळेल का?’ अजिबात नाही. रेबीज विषाणूचा आहे. मुलाची जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात लस सुरू करायची. कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवायची, पण लस त्या दहा दिवसांची वाट पाहत थांबवायची नाही. हळद-चुना लावायचा नाही.

‘जखमेवर कॅप्सूल फोडून पावडर टाकली तर?’ हे आपल्याकडे फार चालतं. औषध नेमकं किती लागलं याचा पत्ता नसतो, कुत्रं ते चाटून टाकतं, आणि जंतूंना मात्र थोड्या मात्रेची सवय होते. पावडर टाकू नका, जखम धुवा.

शेवटची चिठ्ठी : ‘एक मात्रा द्यायची राहिली तर पुढच्या वेळी दुप्पट द्यावी का?’ दुप्पट देऊ नये. सकाळी आठची राहिली आणि दहा-अकराला लक्षात आलं, तर तेव्हाच द्या, आणि रात्रीची नेहमीच्या वेळी. संध्याकाळ व्हायला आली असेल तर राहिलेली सोडून द्या आणि रात्रीची तेवढी द्या. कॅलेंडरवर दिलेल्या मात्रेपुढे फुली मारत गेलं की हा प्रश्न सहसा येत नाही. घरात तिघंजण औषध देणारे असले तर ‘मी दिली’ आणि ‘मीही दिली’ हेही टळतं.